एसी पंप

रात्री सव्वाअकराला फोन केला
तर माणसं आधी विचारतात, कोण?
ढमढेरे म्हणाले, कुठं?

बोपदेव घाट, तिसरं वळण.
खोकत खोकत बंद पडली, की एकदम गप्प?
खोकत.
मग बॉनेटला हात लावू नका, म्हणाले,
आणि फोन न ठेवताच आत ओरडले,
"अगं, चहा टाक. घाटात न्यायचाय."

अण्णांची डुक्कर फियाट, अठ्ठावन्नचं मॉडेल.
(आई डुक्कर म्हणू देत नसे, वाहन म्हणायची.)
अण्णांमागे नऊ वर्षं ताडपत्रीखाली होती.
भंगारवाला अठरा हजार देत होता,
वर म्हणाला, मॅडम, पत्रा चांगलाय.
मी चित्रकलेची मास्तरीण,
इंजिनातलं मला एवढंच कळायचं
की ते पुढं असतं.

ढमढेरे आले स्कूटरवरून,
मागे शब्बीरभाई, मांडीवर पान्यांचा डबा.
ढमढेऱ्यांच्या फाटकावर पाटी आहे,
एक ते चार बेल वाजवल्यास दार उघडले जाणार नाही.
मी ओशाळून काही म्हणणार, तर म्हणाले,
"रात्रीचं काही लिहिलेलं नाही."

मग वळणावर दोन पिवळट दिवे,
माझ्याच गाडीची सख्खी बहीण,
आणि तिच्यातून फली पस्ताकिया, वानवडीचे,
पायजम्यावर कोट, दातांत टॉर्च.

पंपाचा डायफ्राम फाटला होता.
फली काही न बोलता आपल्या गाडीकडे गेले
आणि परतले ते हातात पंप घेऊन,
तळहातावरून पेट्रोल ठिबकतंय,
जसा कुणी नुकताच पकडलेला मासा आणावा.

आणि तुमची गाडी?
"मी हितेच बसतो ने. साठ वरस पुण्यात,
डोंगरावरचा सूर्य एकदा पण बघितला नाय."
ढमढेरेही राहिले सोबतीला.
कुठलं ऑइल चांगलं यावर ते दोघं
उजाडेपर्यंत भांडले, असं नंतर कळलं.

किती द्यायचे, मी विचारलं.
तिघांनी माझ्याकडं असं बघितलं
की मी चपला घालून गाभाऱ्यात शिरलेय.

शब्बीरभाई मग हळू आवाजात म्हणाले,
ताई, हा पंप फलीचा नाहीच.
आधी ओव्हाळांच्या गाडीत होता, त्याआधी पिंपरीच्या पिंटोंच्या,
त्याआधी कुणाच्या, हिशेब राहिला नाही.
भिशी समजा.
ज्याची गाडी बंद, त्याचा नंबर.

शब्बीरभाईंचं नाना पेठेत जुन्या पार्ट्सचं दुकान,
स्वतःची गाडी मात्र नाही.
बहिणीच्या ऑपरेशनला विकली, बारा वर्षं झाली.
तरी दर रविवारी कोपऱ्यावर येऊन उभे राहतात.
आवाज ऐकायला, म्हणतात.

मागच्या वैशाखात पहाटे पाचला फोन.
सुजय गव्हाणे नावाचं पोरगं,
आजोबांची फियाट झेंडूनं मढवून लग्नाला निघालेलं,
नवरी यवतला, नवरदेव हडपसरला अडकलेला.
कोण, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

दोन बोल्ट. मीच सोडवले.
हातांवर पेट्रोल, नखांत आदल्या दिवशीचा जांभळा रंग.
घाईत तो थँक्यू म्हणायचा राहिला,
एक झेंडू तेवढा माझ्या बंपरवर पडला.

बोपदेवचा सूर्य फली अजून सगळ्यांना सांगतात.
हडपसरचा टेम्पोंच्या धुरातून आला, बेताचाच होता.

साडेसातला शब्बीरभाई आले दोर घेऊन,
पुतण्याची जीप पुढं, माझी गाडी मागं.
मी किल्ली त्यांच्या हातात दिली.
म्हणाले, बंद गाडी कोणीही धरेल, ताई, तुम्हीच बसा.
मी आधीच दुसऱ्या बाजूनं चढले होते.

स्टिअरिंग त्यांनी दोन्ही हातांनी धरलं,
चहाची पहिली बशी धरतात तसं.
इंजिन गप्प, फक्त टायर आणि रस्ता.
सगळा सोलापूर रस्ता ते एक शब्द बोलले नाहीत.

नाना पेठेत, स्वतःच्या दुकानासमोर,
शटर वर करणारा पोरगा मान वर करेपर्यंत
त्यांनी हॉर्न दाबून धरला.